पावसाची सरासरी आणि पावसाचे स्वरूप

पावसाने हंगामी सरासरी गाठली म्हणजे शेती सुरक्षित झाली, असे मानता येत नाही. भारतीय विज्ञान संस्थेतील बी. एन. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातील दैनंदिन पर्जन्यनोंदी तपासल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सरासरीत लक्षणीय बदल नव्हता; मात्र दिवसाला १०० मिलिमीटर वा अधिक पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. संथ पाऊस जमिनीत मुरतो. मुसळधार पाऊस मातीही वाहून नेतो. हा बदल उघड झाला तो रोजच्या नोंदींमुळेच. म्हणून पर्जन्यमापकावर दररोज सकाळी साडेआठला घेतलेली अचूक नोंद ही केवळ कागदोपत्री बाब नसून, बांधबंदिस्ती व पूरनियंत्रणाच्या नियोजनाचा पाया होय.