ऑपरेशनची तारीख मिळाली, आता मधले आठवडे महत्त्वाचे

आजचा एपिसोड आतड्यांवर. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहणारे आजार. औषधांनी भागत नाही तेव्हा काही जणांना ऑपरेशन लागतं. आतडं फाटलं किंवा पूर्ण अडकलं तर थांबायला वेळच नसतो, लगेच टेबलवर घ्यावं लागतं. पण तारीख ठरवून मिळाली असेल, तर मधल्या आठवड्यांचा खूप उपयोग करता येतो. सोनगीरहून धुळं वीसेक किलोमीटर. तपासण्यांसाठी आधी दोन चकरा झाल्या तरी कंटाळू नका.

पहिलं म्हणजे खाणं. वजन उतरलेल्या पेशंटची जखम हळू भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. आपल्याकडे 'पोट खराब आहे ना, मग नुसती पेज दे' असं चालतं. पेजेत प्रोटीन कितीसं? अंडी, दही, पनीर, मऊ मुगाची खिचडी पचत असेल तर द्या. आतडं अरुंद झालेलं असेल तर मात्र बियांचं भरीत, मोड आलेली कच्ची कडधान्यं नकोत. (हो, खान्देशात भरीत बंद म्हणजे शिक्षाच!) कधी कधी डॉक्टर काही आठवडे फक्त पौष्टिक पावडरचं पेय देतात. रक्त कमी असेल आणि लोहाच्या गोळ्या सोसत नसतील, तर लोह शिरेतूनही देता येतं.

आता स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि तेही बरेच आठवडे चालू असेल, तर ऑपरेशननंतर इन्फेक्शनचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. पण 'धोका आहे' हे ऐकून स्वतःच्या मनाने गोळी एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर झोपलेलं असतं. बीपी कोसळू शकतं, जिवावर बेतू शकतं. बिडी-सिगारेट मात्र आजच सोडा.

आणि ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही ती गोष्ट, पोटावरची पिशवी. स्टोमा. कधी तात्पुरता, कधी कायमचा. तो करावा लागेल का, हे आधीच विचारा. शक्यता असेल तर ऑपरेशनच्या आधी पोटावर पेनाने खूण करून घ्या, उभं राहून, बसून, वाकून बघत. साडीची गाठ, पँटचा पट्टा, पोटाची घडी त्या जागेवर यायला नको, आणि पेशंटला ती जागा स्वतःला दिसली पाहिजे. सोनगीरला मांडी घालून तांब्या-पितळेची भांडी ठोकणारा कारागीर असेल, तर डॉक्टरांसमोर तसंच मांडी घालून बसून दाखवा.