गाडी बदलण्याची जागा

कुर्डुवाडी हे गाव गाडी बदलण्यावर वाढले. 1897 साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी इथून सुटू लागली, 1906 साली ती पंढरपुरास पोचली. मुंबई-मद्रास मार्गावरच्या मोठ्या गाडीतून उतरायचे आणि छोटीत बसायचे. माणसे चालत जात. माल हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई. थांबणे फार, चढ-उतार थोडी. त्यामुळे फलाटावर सावली आणि गाठोडे टेकायला जागा मिळाली की स्टेशन चांगले, अशी आमची साधी व्याख्या.

मेट्रोत गणित उलटे होते. थांबणे काही मिनिटांचे. बाकी सारे चढणे आणि उतरणे. म्हणून पुण्याची स्थानके बघताना मी छताआधी जिने बघत गेलो.

उन्नत मार्ग रस्त्याच्या मधोमध खांबांच्या एका रांगेवर उभा असतो. दोन्ही रूळ शेजारी ठेवले की पूल अरुंद राहतो. मग फलाट बहुधा दोन बाजूंना जातात. जिने, सरकते जिने, लिफ्ट सारे दुप्पट लागते, आणि चुकीच्या बाजूला चढलात तर उतरून पुन्हा चढा! जमिनीखाली यंत्र दोन वेगळे बोगदे खोदते, त्यांच्यात अंतर सोडावेच लागते. स्थानकात त्या अंतरातच मधला एकच फलाट बसतो. एका जिन्यावर दोन्ही दिशा भागतात. म्हणजे फलाटाचे रूप वास्तुरचनाकाराच्या आधी खोदकामच ठरवते.

मग त्याच्या हाती उरते काय? डेक्कन आणि संभाजी उद्यान या नदीकाठच्या स्थानकांना मावळ्याच्या पगडीचा आकार दिला आहे. ऐटदार दिसतो, नाही म्हणत नाही. पण ती ऐट पुलावरून जाणाऱ्यासाठी. आतल्या प्रवाशाला पगडी ऊन-पावसापुरती. आपली छोटी गाडी पंढरपुरास पोचली त्याच 1906 साली लंडनमध्ये लेस्ली ग्रीन यांची भुयारी स्थानके सुरू होत होती. त्यांनी फलाटांच्या भिंतींवर प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या नक्षीच्या टाइल्स लावल्या. पाटी वाचता न येणाऱ्यालाही आपले स्थानक ओळखता यावे, एवढे काम ती नक्षी करू शकते.

कुर्डुवाडीकराला पुणे स्टेशनवर उतरून मेट्रोने स्वारगेटला जायचे तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. वनाज-रामवाडी मार्गिका तिथे हवेत, पिंपरी-स्वारगेट जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर. पुढे तिचा बोगदा मुठेच्या पात्राखालून जातो. दहा मजली इमारत उलटी पुरावी एवढी ही खोली. पण तिथे छतातून सूर्यप्रकाश खालपर्यंत येईल अशी योजना केली आहे. तिची किंमत मला नकाशांवरून कळली नव्हती.

एकदा आक्काला घेऊन स्वारगेटहून परतत होतो. तिचे गुडघे दुखरे, अक्षरओळख जेमतेम. खालच्या फलाटावर उतरलो. मी बाणांच्या पाट्या वाचत उभा राहिलो. तिने मान वर केली.

“ऊन कुठनं यायलंय रं?”

मी बोट दाखवले.

“मग तिकडंच चल की,” म्हणाली, आणि सरकत्या जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून माझ्या आधी निघाली.