छायेकडून छेदाकडे

क्ष-किरणांच्या साध्या चित्रात शरीराची सारी खोली एकाच पटलावर उतरते. त्यामुळे बरगडीच्या छायेआड फुफ्फुसातील गाठ दडू शकते. सी.टी. स्कॅनमध्ये किरणनलिका रोग्याभोवती फिरून सर्व दिशांनी मोजमापे घेते व संगणक त्यांतून शरीराचा आडवा छेद सिद्ध करतो. 1971 साली लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे असे चित्र घेतले. त्याच वर्षी, मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथील विद्यापीठात दीर्घकाळ कार्य केलेल्या जी. एन. रामचंद्रन यांनी लक्ष्मीनारायणन यांच्यासह, छायांवरून मूळ आकृती उभी करण्याची सुटसुटीत गणितपद्धती प्रसिद्ध केली. अशा यंत्रांना ती फार उपयोगी पडली. मात्र या स्पष्टतेसाठी किरणांची मात्रा पुष्कळच अधिक सोसावी लागते. साध्या अस्थिभंगाला बहुधा छायाचित्रच पुरते. मस्तकात रक्तस्राव झाल्याचा संशय असेल, तेथे मात्र छेदचित्राला विलंब लावू नये.