सायकल एकाची, वारी घरादाराची

हट्टा (ता. वसमत) : पेरण्या उरकल्या, हळद लावून झाली, की आपल्या भागातल्या माणसाला पंढरीचे वेध लागतात. कुणी दिंडीत पायी निघतो, कुणी एस.टी. धरतो. आता सायकलवर निघणारेही दिसतात. वाचकहो, तुमच्या घरात कुणी असं मनावर घेतलं असेल, तर त्याच्या पहिल्या दिवसाकडं नीट लक्ष द्या. लांबचा प्रवास बिघडतो तो बहुधा त्याच दिवशी, आणि तो सावरणं पुष्कळसं घरच्यांच्या हातात असतं.

समजा, घरातले नाना निघाले. मारुतीच्या पारावर नारळ फुटला, ओवाळून झालं, चार माणसं पाया पडली. नाना पायंडल मारतात ते हरणासारखं! अंगात ताजा दम आणि मागं गाव बघतंय. पण झिरो फाटा मागं पडला, की खरी गोष्ट कळते. आषाढात वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे परभणीच्या वाटेवर तो बराचसा तोंडावरच येतो. सपाट रस्ताही चढासारखा लागतो. राहाटीच्या पुलाशी, खाली पूर्णा वाहत असताना, नानांची मांडी भरून आली तर नवल नाही.

म्हणून पहिला नियम असा : सायकल चालवताना शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलताना धाप लागली, की वेग कमी करायचा. सीटची उंचीही घरीच बघून घ्या. पायंडल खाली असताना त्यावर टाच टेकवली, तर गुडघा सरळ झाला पाहिजे. सीट फार खाली असेल, तर संध्याकाळी गुडघे बोलू लागतात.

भूक लागायच्या आधी खा

शेतात आपण भूक लागली की भाकर सोडतो. सायकलवर ते चालत नाही. स्नायूंत साठवलेली साखर सलग मेहनतीत दीड-दोन तासांत पुष्कळशी खर्ची पडते. मग डोळ्यांपुढं अंधारी येते, हातपाय थरथरतात. तेव्हा घाईनं पोटभर जेवून लगेच भरून येत नाही. तासातासाला थोडं खावं : केळं, गुळशेंगदाणे, अर्धी दशमी. पाणी घोट-घोट प्यावं. घाम फार गेला, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावं. चमचा चहाचा. अंदाजानं मूठभर मीठ टाकू नये.

टेम्पो मागं नको, पुढं

घरची माणसं मायेपोटी टेम्पो सायकलच्या मागं-मागं हळूहळू चालवतात. दिवसा वाहत्या रस्त्यावर हे धोक्याचं. मागचा ट्रक टेम्पोला वळसा घालतो आणि नेमका सायकलवाल्याच्या अंगावर येतो. त्यापेक्षा दहा-बारा किलोमीटर पुढं जाऊन, रस्त्याच्या खाली सुरक्षित जागा बघून थांबावं. मात्र टेम्पो काळ्या मातीत उतरवू नका. एक सर आली की चाक तिथंच रुततं. गाडीत ट्यूब, पाना, पंप, सोल्युशन, कोरडे कपडे आणि पाण्याचा कॅन ठेवावा. अंधार पडला की प्रवास बंद.

ही पाठराखण किती मोठी गोष्ट आहे, याचा दाखला नाशिकचा आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेतली ‘रॅम’ ही शर्यत पुरी केली. पश्चिमेच्या किनाऱ्यावरच्या ओशनसाइडहून पूर्वेच्या ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. दोघांनी मिळून हे अंतर नऊ दिवसांच्या आत कापलं. एक भाऊ सायकलवर असताना दुसऱ्यानं विसावा घ्यायचा, असा क्रम. त्या वाटेवर सुरुवातीलाच समुद्राची गार हवा सोडून डोंगर चढायचे आणि पलीकडं वाळवंटाच्या भट्टीत उतरायचं. अशा शर्यतीत पाणी, खाणं, झोप, दुरुस्ती हे सगळं बघणारी माणसं गाडीत असतात. सायकल चालवणारा फक्त चालवतो.

थांब म्हणणारं माणूस

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. गावानं हार घालून पाठवलेला माणूस “मी थकलो” असं म्हणत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, तरी “काही नाही, चला” म्हणतो. म्हणून निघायच्या आदल्या रात्रीच घरात ठरवा, की “आता थांबा” हा शब्द कुणाचा चालेल. बायकोचा, लेकीचा, सुनेचा, कुणाचाही. पण एकाच माणसाचा, आणि तो निघाला की वाद नाही. चाळिशी ओलांडलेल्यानं निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, हेही त्याच रात्रीच्या आधीचं काम.

पहिल्या दिवशी गंगाखेड पुष्कळ झालं. संत जनाबाईंचं गाव, गोदाकाठचा मुक्काम. जमलं नाही, तर परभणीतच पथारी टाका. त्यात कमीपणा कसला? परळीच्या पुढं बालाघाटचा चढ वाट बघतोच आहे. त्याच्यासाठी पायात ताकद शिल्लक पाहिजे.

आणि संध्याकाळी नानांना पहिला प्रश्न “किती किलोमीटर झाले?” असा विचारू नका. “जेवलात का, पाय कसे आहेत?” असं विचारा. दुसऱ्या दिवशी पहाटे माणूस हसत सायकलवर बसला, तर पंढरीची निम्मी वाट सरली म्हणून समजा.