जुन्या छायाचित्रांची नवी चित्रे : एका प्रयोगाची हकीकत

आपल्या ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत कोसाड परिसरातील जुन्या मराठी कुटुंबांची छायाचित्रे द्यावीत असे ठरले, आणि स्मरणिका समितीने घरोघर जाऊन ती गोळा करण्यास आरंभ केला. भुसावळ-सुरत रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या आणि येथे मागावर कामाला लागलेल्या आपल्या मंडळींजवळ मुळात छायाचित्रे थोडी. त्यांतील पुष्कळशी ऑगस्ट २००६ मधील तापीच्या महापुराने नेली. उरली त्यांपैकी काहींवर पाण्याचे डाग, काहींवर बुरशी, तर काही चौकटीच्या काचेलाच चिकटलेली.

ही छायाचित्रे जशीच्या तशी छापली तर त्यांत काय दिसणार, अशी शंका निघाली. तेव्हा आमच्या तरुण सभासदांनी सुचविले की, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून यांवरून रंगीत चित्रे करून घेऊ. मार्च २०२५ मध्ये जपानच्या ‘स्टुडिओ जिब्ली’च्या चित्रपटांसारखी स्वतःची चित्रे करून घेण्याची जी लाट आली होती, ती वाचकांस आठवत असेलच. आम्ही होकार दिला. त्या प्रयोगात जे अनुभवास आले, ते येथे सांगत आहोत.

प्रथम हे यंत्र काम कसे करते ते पाहू. एखादी सुबक रांगोळी वाऱ्याने थोडीथोडी विसकटत जावी आणि शेवटी नुसती रंगाची भुकटी उरावी, तशी असंख्य चित्रे ठिपक्यांच्या गोंधळात विसकटून ती पुन्हा कशी जुळवावी, हे या यंत्राला शिकविलेले असते. आपण छायाचित्र दिले आणि “याचे रंगीत चित्र कर” असे सांगितले की, यंत्र त्या छायाचित्राच्या आधाराने एक नवे चित्र जुळविते. म्हणजे ते जुने चित्र धुऊन-पुसून स्वच्छ करीत नाही. जेथे डाग आहे तेथे पूर्वी काय होते, हे त्याला ठाऊक नसते. आजवर पाहिलेल्या चित्रांवरून तेथे काय असावे, याचा ते अंदाज बांधते.

छायाचित्रावर रंग चढविण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली; पुढे छायाचित्रांवर हाताने रंग भरणारे कुशल चित्रकार गावोगावच्या स्टुडिओंतून काम करीत. एखाद्या समूहचित्रातील दिवंगत वडिलांचा चेहरा मोठा करून घ्यावयास गेले म्हणजे असा चित्रकार विचारी, “फेटा कोणत्या रंगाचा होता? गंध कसे लावीत?” अंदाज त्यालाही करावाच लागे; परंतु तो घरच्यांस विचारून करी. आमच्या यंत्राने काहीच विचारले नाही.

याचा प्रत्यय लवकरच आला. आमच्या एका ज्येष्ठ सभासद भगिनींजवळ त्यांच्या आईचे एकच छायाचित्र आहे. पुराच्या पाण्याने त्यातील डावा गाल व खांदा पुसट झाला आहे. यंत्राने अर्ध्या मिनिटात त्याचे सुरेख चित्र करून दिले. डाग गेले, लुगड्याला रंग आला, चेहऱ्यावर तेज आले. स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर हे चित्र द्यावे, असे आम्ही मनात ठरवूनही टाकले आणि मोठ्या उत्साहाने ते भगिनींना दाखविण्यास गेलो. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाल्या, “फोटू बेस शे, पन हाई मनी माय नही.”

मग आम्ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली. हनुवटीवरचे गोंदण यंत्राने डाग समजून काढून टाकले होते. नऊवारीचा काष्टा जाऊन पायघोळ साडी आली होती. पुसट झालेला गाल भरताना तेथे गोबरा गाल आला होता. उन्हातान्हात शेतमजुरी केलेल्या त्या माउलीचे गाल बसलेले होते. चूक लहान म्हणावी तर तशी ती लहानच. परंतु आई ओळखू येत नव्हती.

दुसऱ्या खेपेस आम्ही त्या भगिनींनाच शेजारी बसविले. त्या सांगत गेल्या आणि तरुण मंडळी यंत्राला तसे लिहून देत गेली. गोंदण परत आले, काष्टा आला, लुगड्याचा रंगही जुळला. चेहरा मात्र अखेरपर्यंत पुरता जुळला नाही. परंतु त्या तासाभरात आईविषयी जे ऐकावयास मिळाले, ते त्यांच्या नातवंडांनीही पूर्वी ऐकले नव्हते. ते सारे आम्ही लिहून घेतले आहे.

या अनुभवावरून समितीने काही नियम केले. घर, विहीर, जत्रा अशा दृश्यांची यंत्राने केलेली चित्रे या अंकात दिली आहेत व प्रत्येकाखाली तसा स्पष्ट उल्लेख आहे. माणसांचे चेहरे मात्र मूळ छायाचित्रातलेच छापले आहेत. कुटुंबाच्या संमतीवाचून कोणतेही छायाचित्र यंत्राला दिलेले नाही. कारण दिलेले चित्र दूरच्या कंपनीच्या संगणकावर जाते व पुढे त्याचे काय होते, हे आपल्या हाती राहत नाही.

वाचकांसही दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये. त्यावरचा सरसासारखा थर ओलाव्याने फुगून काचेला धरतो आणि ओढताच चित्रासह निघतो. काचेसकटच त्याची प्रत काढून घ्यावी. दुसरे असे की, छायाचित्रातील माणसांची नावे, गाव व साल जाणत्या माणसास विचारून आजच लिहून ठेवावे. ही माहिती कोणतेही यंत्र देऊ शकणार नाही.

त्या माउलीचे छायाचित्र पहिल्या पानावर दिले आहे. पुराचा डाग त्यावर तसाच ठेवला आहे.