परतीपुरता कागद

नांदेड जिल्ह्यातून आखातात कामाला निघालेल्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. देगलूरच्या रस्त्याने रातोरात शमशाबादचा विमानतळ गाठायचा आणि पहाटेच्या विमानाने दुबई, दम्माम नाहीतर कुवेत. कुणी गवंडी असतो, कुणी ड्रायव्हर, कुणी एसीचा मेकॅनिक. लातूरच्या घरांतून निघणारी दुसरी एक वाट आहे. तिथल्या शिकवण्यांत घासून निघालेली पण नीटच्या यादीत थोडक्यात मागे राहिलेली मुलं एमबीबीएससाठी रशिया, किर्गिझस्तान, फिलिपाइन्स असे देश गाठतात. शिवाय नांदेडच्या गुरुद्वारामुळे इथल्या शीख कुटुंबांचं कॅनडा-इंग्लंडशी जाणंयेणं आहेच. एवढ्या लोकांच्या खिशात पासपोर्टची निळी पुस्तिका फिरते आहे म्हटल्यावर ती कुठेतरी हरवणार, चोरीला जाणार, खोलीला लागलेल्या आगीत जळणार. तेव्हा माणसाला घरी आणणारा जो कागद असतो, त्याचा हा परिचय.

त्याचं सरकारी नाव इमर्जन्सी सर्टिफिकेट. आखातातले मजूर त्याला आउटपास म्हणतात. 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या चौथ्या कलमात साधा, अधिकृत आणि राजनैतिक असे पासपोर्टचे तीन प्रकार दिले आहेत. त्यांच्या खालीच प्रवासाच्या इतर कागदांत हे सर्टिफिकेट आहे आणि त्याचं काम एकच सांगितलं आहे, धारकाला भारतात प्रवेश देणं. त्यावर दुसऱ्या देशात फिरायला जाता येत नाही, नोकरी करता येत नाही, पुन्हा व्हिसा लावून घेता येत नाही. एकेरी प्रवास, तोही मायदेशाकडे.

हा कायदा कसा आला तेही इथे सांगायला हवं. 1967 च्या एप्रिलपर्यंत पासपोर्ट देणं न देणं ही सरकारची मर्जी होती. सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यापाऱ्याला पासपोर्ट परत करायला सांगितलं गेलं, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असा निकाल 3 विरुद्ध 2 अशा मतांनी लागला. सरकारला मग घाईने अध्यादेश काढावा लागला आणि 24 जूनला कायदा झाला. जाण्याच्या हक्कावर पुढेही खटले झाले, 1978 चा मनेका गांधी खटला तर कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. परतण्याच्या हक्काबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. आउटपास हा त्या हक्काचा कागद आहे. पैसे संपलेल्या, व्हिसा उलटलेल्या, मालकाशी भांडण झालेल्या माणसालाही तो मागता येतो. आपल्या सरकारी यंत्रणेत इतकी माणुसकीची तरतूद मला क्वचितच दिसते.

याच कायद्याचं सतरावं कलम सांगतं की पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. ती आपल्याकडे फक्त सांभाळायला दिलेली. म्हणून ती हरवली की पहिली पायरी पोलीस ठाण्याची.

समजा, मुखेड तालुक्यातल्या एका गवंड्याची बॅग शारजात चोरीला गेली. आधी तिथल्या पोलिसांकडे तक्रार आणि तिची प्रत. मग दुबईचा भारतीय वाणिज्य दूतावास, कारण शारजा त्याच्या अखत्यारीत येतं. अबू धाबीत काम करणाऱ्याला तिथल्या वकिलातीत जावं लागेल. अर्ज, फोटो, शुल्क. समोरच्या अधिकाऱ्याला दोनच गोष्टींची खात्री करायची असते. हा माणूस भारतीय आहे का? आणि नाव सांगतो आहे तोच हा आहे का? बाकी सगळे कागद या दोन प्रश्नांसाठी.

त्यांची उत्तरं हरवलेल्या पुस्तिकेतच होती. बहुतेकांच्या हाती आज जी पुस्तिका आहे तिचं शेवटचं पान उघडून बघा. वडिलांचं नाव, आईचं नाव, जोडीदाराचं नाव, गावाचा पत्ता, आधीचा पासपोर्ट असेल तर त्याचा नंबर आणि सगळ्यात खाली फाइल नंबर. लोक फोटोच्या पानाची झेरॉक्स काढतात आणि हे पान सोडून देतात. खरं तर फाइल नंबर हाती असला की अधिकाऱ्याला तुमचा मूळ अर्ज, तुमचा फोटो, तुमची सही शोधणं सोपं जातं. 2010 पासून पासपोर्ट सेवा प्रकल्पात देशातली कार्यालयं संगणकावर आली आणि 2018 पासून परदेशातल्या वकिलाती त्याच यंत्रणेला जोडायला सुरुवात झाली. ज्याचा अर्ज या यंत्रणेत आहे त्याची ओळख पडद्यावर पटते.

ज्याच्याकडे नंबर नाही, झेरॉक्स नाही, नावातही गोंधळ आहे, त्याचं काय? त्याची विचारणा जिल्ह्यात येते. पोलीस अधीक्षक कार्यालयातून तालुक्याच्या ठाण्यात, ठाण्यातून गावात, पोलीस पाटलाकडे. हा अमुक अमुक आपल्या गावचा का, याचे आईवडील कोण, बाहेरदेशी गेलाय का? गावाने हो म्हटलं की तो होकार उलट्या वाटेने परत जातो. या वाटेला वेळ लागतो आणि तेवढे दिवस तो माणूस कुणाच्या तरी खोलीत दाटीवाटीने झोपून काढतो. गावात आईची घालमेल चालू असते, ती वेगळीच.

नावाचा गोंधळ आपल्याकडे फार. आपल्या शाळेच्या दाखल्यात आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर वेगळा क्रम, पासपोर्टवर आडनावाचा रकाना निराळा. शेख, पठाण, सय्यद ही नावं कुठे पुढे, कुठे मागे. जन्मतारीख तर मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिली ती. गावात या फरकाने कुणाचं अडत नाही. पण शारजाच्या काउंटरवर याच फरकाने आठवडा जातो, म्हणून निघण्यापूर्वीच कागद एकसारखे करून घ्यावेत.

आता त्या पुस्तिकेकडे थोडं जवळून बघू, कारण तिच्या निर्मितीचं गाव आपल्याच राज्यात आहे. भारतीय पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. 1920 च्या दशकात ही प्रेस टपाल तिकिटं छापण्यासाठी सुरू झाली. त्याआधी आपली तिकिटं लंडनहून येत. कोरी पुस्तिका तिथून पासपोर्ट कार्यालयात येते आणि तिथे तिच्यावर माणसाची माहिती छापली जाते.

फोटोच्या पानाच्या तळाशी बाणाच्या टोकांनी भरलेल्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीत बरोबर 44 जागा. पहिल्या ओळीत देश आणि नाव, दुसऱ्या ओळीत पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, मुदत. यात मध्येमध्ये एकेक सुटा आकडा दिसतो, तो पहारेकरी आहे. नंबरातल्या अक्षर-आकड्यांच्या किमतींना क्रमाने 7, 3, 1, पुन्हा 7, 3, 1 असं गुणायचं, बेरीज करायची, दहाने भागून बाकी काढायची. बाकी त्या सुट्या आकड्याशी जुळली नाही तर कुठेतरी वाचण्यात चूक आहे किंवा कुणीतरी खाडाखोड केली आहे. जगभर हाच हिशोब चालतो. हाताने लिहिलेले पासपोर्ट 24 नोव्हेंबर 2015 नंतर आंतरराष्ट्रीय प्रवासातून बाद झाले ते याच यंत्रवाचनासाठी. आता चिप बसवलेले ई-पासपोर्ट येऊ लागले आहेत, त्यांतही या दोन ओळी आहेतच.

पासपोर्ट हरवल्याची नोंद झाली की तो नंबर रद्द होतो. रद्द नंबर इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरलेल्या कागदपत्रांच्या यादीत जातो. ही यादी 2002 पासून आहे आणि देशोदेशीच्या इमिग्रेशनला ती तपासता येते. इथे लोक फसतात. तक्रार दिल्यावर चार दिवसांनी पुस्तिका सूटकेसच्या अस्तरात सापडते, माणूस आनंदाने तीच घेऊन विमानतळावर जातो आणि अडकतो. सापडलेली पुस्तिका आता कुचकामी असते. ती दूतावासात जमा करावी.

मजुराच्या बाबतीत मात्र बऱ्याचदा पासपोर्ट हरवलेला नसतोच. तो मालकाच्या, म्हणजे कफीलच्या कपाटात असतो. कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायला अमिरातीत आणि सौदीत बंदी आहे, तरी ही चाल मोडलेली नाही. पगार थकला म्हणून माणूस काम सोडून निघतो, मालक तो पळाल्याची नोंद करतो. सौदीत त्याला हुरूब म्हणतात. हुरूब लागला की कागदोपत्री तो माणूस बेकायदा. मग वाट बघायची ती माफीच्या मुदतीची. सौदीने 2017 मध्ये, कुवेतने आणि अमिरातीने 2018 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये अशा मुदती जाहीर केल्या. दंड न भरता निघून जा, असं सरकार सांगतं, आणि भारतीय वकिलातींसमोर आउटपाससाठी रांगा लागतात. आउटपास मिळाला म्हणजे सुटका झाली असंही नाही. आपलं सरकार आत यायची परवानगी देतं. बाहेर पडायची परवानगी, म्हणजे एक्झिट, ज्या देशात आहोत त्या देशाकडून घ्यावी लागते. तिकिटाला पैसे नसतील तर 2009 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते. हे आपल्या माणसांना माहीतच नसतं आणि ते व्याजाने पैसे काढून गावाकडून मागवतात.

एजंट अशा वेळी सल्ला देतो की हरवला म्हणून लिहून टाक. हे करू नये. कायद्याच्या बाराव्या कलमानुसार जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पासपोर्ट मालकाकडे आहे असंच सांगावं. दूतावासाला ती गोष्ट नवीन नसते.

विद्यार्थ्यांवर आउटपास मागायची पाळी 2022 च्या फेब्रुवारीत, युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर आली. तिथे शिकणारी लातूर-नांदेडची मुलं तळघरांतून, रेल्वेतून, पायी सीमेकडे निघाली. त्यांना परत आणणारी ऑपरेशन गंगा ही मोहीम चालू असताना परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की ज्यांचे पासपोर्ट हरवले आहेत त्यांना इमर्जन्सी सर्टिफिकेट देण्याची सोय केली आहे, विद्यार्थीही त्यात आले. एरवी तक्रार, प्रत, पडताळणी अशी चालणारी यंत्रणा अशा वेळी पायऱ्या गाळून काम करू शकते, हे तेव्हा दिसलं.

पासपोर्ट बाळगणाऱ्यांत हज यात्रेकरूही आले. त्यांच्याबद्दल एवढंच की 2009 पासून सौदी सरकारने त्यांनाही पूर्ण पासपोर्ट सक्तीचा केला. त्यापूर्वी त्यांना वेगळा यात्रा-पास मिळे. त्यामुळे मराठवाड्यातल्या कितीतरी वृद्धांनी आयुष्यातला पहिला पासपोर्ट साठीनंतर काढला.

आणि नांदेड हेच कुणासाठी परदेश असतं. इथल्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाराच्या दर्शनाला कॅनडा, इंग्लंड, अमेरिकेचे नागरिक असलेले शीख येतात. 2008 मध्ये इथे झालेल्या गुरुता गद्दी या शीख सोहळ्यानंतर तर शहराला विमानतळ आणि यात्री निवासांची सवय झाली. त्यातल्या एखाद्या आजोबांची पिशवी गर्दीत गेली तर त्यांनाही पहिल्यांदा इथल्याच पोलिसांकडे यावं लागतं, मग त्यांच्या देशाच्या दूतावासाकडून तात्पुरता कागद आणि मग भारताकडून बाहेर पडण्याचा परवाना, ज्याचा अर्ज 2018 पासून ऑनलाइन करता येतो. त्यांना एक आधार असतो. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलने वा धर्मशाळेने चोवीस तासांत त्याच्या पासपोर्ट-व्हिसाची माहिती कळवायची असते. म्हणजे हरवलेला नंबर त्यांच्या मुक्कामाच्या नोंदीत सापडतो. आपला गवंडी शारजात ज्या नंबरासाठी धडपडतो, तो आजोबांना यात्री निवासाच्या काउंटरवर मिळून जातो. यात्री निवासाच्या कारकुनांनी ही मदत आपणहून करावी.

आउटपासवर परतलेल्या माणसाचं काम विमानतळावर संपत नाही. तो कागद इमिग्रेशनकडे जमा होतो, म्हणून विमानात बसण्यापूर्वी त्याची झेरॉक्स किंवा फोटो काढायलाच हवा. कारण नव्या पासपोर्टच्या अर्जात सरळ प्रश्न आहे: तुम्ही कधी इमर्जन्सी सर्टिफिकेटवर भारतात परतला आहात का? हो म्हटलं की त्याचा नंबर, तारीख, कुठे मिळालं ते विचारतात. पासपोर्ट कसा, कुठे हरवला याचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे परिशिष्ट एफ, आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडावी लागते. हरवलेल्याच्या बदल्यात 36 पानी पुस्तिकेला 3000 रुपये, साध्या नूतनीकरणाच्या दुप्पट. आखातातून रिकाम्या हाताने आलेल्याला हे जड जातं. ज्याची पुस्तिका मालकाने अडकवली होती त्याला तरी ही दुप्पट रक्कम माफ व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

निदान खेटे तरी कमी झाले आहेत. 2017 मध्ये टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं उघडायला सुरुवात झाली आणि आज नांदेडला, लातूरलाही असं केंद्र आहे. पूर्वी एका सहीसाठी मोठं शहर गाठावं लागे. तयार पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी येतो, पोस्टमन ओळख पटवून हातात देतो.

टपाल खात्याला आणि जिल्हा प्रशासनाला एक विनंती. या केंद्रांत एक मराठी-उर्दू फलक लावा: पासपोर्ट हरवला तर काय करायचं, आउटपास कुठे मागायचा, कल्याण निधी काय असतो. आणि वाचकांनो, घरातलं कुणी बाहेरदेशी असेल किंवा निघणार असेल, तर त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो आजच मागवून घ्या, फाइल नंबर घरातल्या वहीत उतरवा आणि तो फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्येही ठेवा. पासपोर्टविषयी काहीही विचारायचं असेल तर 1800-258-1800 हा निःशुल्क क्रमांक आहे.