'झिंगाट'च्या पुढचा 'सैराट'

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी तसं यथातथाच. चूकभूल द्यावी घ्यावी.

'झिंगाट'वर आपण सगळेच नाचलोय. नागराज मंजुळेंचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला तेव्हा मी शाळेत होतो. गाणी पाठ झाली, पण पिक्चर शेवटपर्यंत पाहिला तो मागच्या सेमिस्टरला, हॉस्टेलच्या रूमवर, एका लॅपटॉपभोवती नऊ जण बसून.

गोष्ट साधी आहे. पाटलांची आर्ची (रिंकू राजगुरू) बुलेट चालवते. परशा (आकाश ठोसर) मासेमारी करणाऱ्या घरातला. कॉलेजात दोघांचं जुळतं. अजय-अतुलची चारही गाणी पूर्वार्धातच येतात. विहिरीतली उडी, स्लो मोशन, सगळं एकदम हिंदी पिक्चरसारखं! मग घरचे मध्ये येतात, दोघं पळून हैदराबादला जातात आणि गाणी बंद. उरते झोपडपट्टीतली खोली, पोटासाठी काम, परकी भाषा. पुढे संशय येतो, परशाचा हातही उठतो. म्हणजे प्रेम केलं की प्रश्न सुटले, असं हा पिक्चर म्हणत नाही. तरी दोघं सावरतात, संसार उभा करतात.

शेवट बहुतेकांना ठाऊक आहेच. आर्चीचा भाऊ माहेरच्या भेटी घेऊन येतो. त्यानंतर पडद्यावर आवाजच नाही, फक्त त्यांचं लहान मूल. मला वाटतं, आधी गाण्यांनी आपल्याला भरपूर नाचवलं, म्हणूनच ही शांतता इतकी लागते. १०० कोटींच्या वर गल्ला जमवणारा हा पहिला मराठी चित्रपट. २०१८ मध्ये हिंदीत त्याचा 'धडक' झाला.

पिक्चर संपला. कोणीच उठेना. शेवटी मीच म्हणालो, "गावाकडे होतं रे असं. आमच्या मुलुंडला नाही." माझा रूममेट करमाळ्याकडचा, जिथे याचं शूटिंग झालं. तो शांतपणे म्हणाला, "घरी फोन लाव. जातीबाहेरची मुलगी चालेल का, विचार."

मी गंमत म्हणून लावला. आई आधी हसली. मग बराच वेळ काही बोललीच नाही. शेवटी म्हणाली, "तू आधी डिग्री पूर्ण कर."

रूममेटने मला काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या गॅदरिंगला 'झिंगाट' लागेलच, आणि आपण नाचूच. पण एकदा पिक्चर शेवटपर्यंत बघा, आणि जमलं तर घरी एक फोन करा.